इंग्रजी वळणाच्या शहरात दोन रात्री : व्हिक्टोरियाची कौटुंबिक सहल

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला वसलेले व्हिक्टोरिया ही ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी असून, व्हँकुव्हर, सरे आणि बर्नबी या शहरांत, तसेच सीमेपलीकडे सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू व रेडमंडच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दोन रात्रींच्या सवडीत, विमानतळाची धावपळ न करता जाऊन येता येईल असे ते ठिकाण आहे. नावांचा एक घोळ आरंभीच दूर केलेला बरा. व्हँकुव्हर शहर व्हँकुव्हर बेटावर नसून मुख्य भूमीवर आहे, बेटावरचे मोठे शहर व्हिक्टोरिया हे आहे, आणि दोहोंच्या मध्ये समुद्र असल्यामुळे हा प्रवास बोटीने किंवा विमानानेच करावा लागतो.

या शहराच्या इंग्रजी वळणाची ख्याती मोठी आहे. पाच-पाच काचगोलांचे दिव्यांचे खांब, त्यांवर उन्हाळ्यात लटकणाऱ्या फुलांच्या परड्या, दुमजली बस, चिनी मातीच्या किटलीतून ओतला जाणारा दुपारचा चहा आणि उद्यानात चालणारे क्रिकेट या साऱ्यांतून ते वळण प्रत्ययाला येते. ज्या राणीचे नाव या शहराला आहे तिचेच नाव मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाला, भायखळ्याच्या राणीच्या बागेला आणि एके काळच्या घोडागाडीलाही मिळाले होते, त्यामुळे या वातावरणातले पुष्कळसे मराठी माणसाला अनोळखी वाटत नाही. तथापि हे वळण आपोआप उगवलेले नाही; ते जाणीवपूर्वक घडवलेले आणि जोपासलेले आहे, त्याच्या तळाशी इतर समाजांची भूमी आणि श्रम आहेत, आणि कुटुंबाने ही सहल थोडी ठिकाणे निवडून, सावकाश, हे सारे थर ओळखत केली तरच तिचे चीज होते. पुढील मार्गदर्शन याच दृष्टीने केलेले आहे.

इंग्रजी वळण आले कोठून

आजच्या शहराच्या जागी लेक्वंगन भाषा बोलणाऱ्या लोकांची प्राचीन वस्ती होती आणि त्यांचे वंशज सॉन्गीज व एस्क्विमॉल्ट या समाजांच्या रूपाने आजही तेथे नांदत आहेत. १८४३ मध्ये हडसन्स बे कंपनीने, म्हणजे १६७० च्या राजसनदेने स्थापन झालेल्या आणि केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या इंग्रजी कंपनीने, जेम्स डग्लस याच्या नेतृत्वाखाली येथे लाकडी तटबंदीचे ठाणे उभारले. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला व्यापारी ठाण्यापासून सत्तेपर्यंतचा हा मार्ग परिचित वाटेल. १८४९ मध्ये बेट ब्रिटिश वसाहत झाले, १८५८ मध्ये मुख्य भूमीवरील फ्रेझर नदीच्या खोऱ्यात सोने सापडल्याने हजारो लोक या बंदरातून पुढे गेले, १८६२ मध्ये ठाण्याचे रीतसर शहर झाले आणि १८७१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया कॅनडात सामील झाला.

त्यानंतरच्या घडामोडीने शहराचे भवितव्य ठरवले. कॅनडा आरपार ओलांडणाऱ्या रेल्वेची पहिली प्रवासी गाडी १८८७ मध्ये व्हँकुव्हरला पोहोचली, व्यापार आणि उद्योग त्या शहराकडे वळले, आणि बेटावरच्या व्हिक्टोरियाकडे राज्यकारभार, सौम्य हवा व देखणे बंदर एवढेच भांडवल उरले. त्याच रेल्वे कंपनीने १९०८ मध्ये बंदरासमोर एम्प्रेस हॉटेल उघडले, साम्राज्याच्या सेवेतून निवृत्त झालेले अनेक ब्रिटिश अधिकारी येथे स्थायिक झाले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्यटनाच्या जाहिरातींनी जुन्या इंग्लंडचा तुकडा ही या शहराची प्रतिमा ठसवली. म्हणजे ज्या काळात इतर शहरे कारखाने उभारत होती त्या काळात व्हिक्टोरियाने आपले इंग्रजीपण हीच उपजीविका केली, आणि जुन्या इमारती पाडण्याचा दबाव तुलनेने कमी राहिल्यामुळे पर्यटकाला आज दिसणारा शहराचा गाभा टिकून राहिला. एक बारीक बाब मुलांना सांगण्याजोगी आहे : १९२१ अखेरपर्यंत येथे वाहने इंग्लंडप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत, आणि १ जानेवारी १९२२ पासून ती उजव्या बाजूने चालू लागली.

केव्हा जावे

शालेय भूगोलातली पर्जन्यछायेची कल्पना येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते. सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पूर्वेकडे काही मैलांवर कोरडा माणदेश असे जे घडते, तेच अमेरिकेच्या बाजूच्या ऑलिंपिक पर्वतामुळे व्हिक्टोरियाच्या बाबतीत घडते. त्यामुळे शहरात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो, तर व्हँकुव्हरमध्ये तो जवळजवळ दुप्पट असतो. मात्र ऋतुचक्र महाराष्ट्राच्या उलट आहे : पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो.

शाळेच्या सुट्टीमुळे जुलै-ऑगस्ट निवडावा लागला तर निवासाचे दर चढे आणि गर्दी पुष्कळ असते हे गृहीत धरावे. मुले लहान असून शाळेचे बंधन नसेल, किंवा महाराष्ट्रातून आलेले आई-वडील सोबत असतील, तर मे, जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर अधिक सोयीचा ठरतो. जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे संध्याकाळ निवांत फिरता येते. डिसेंबरमध्ये मात्र दुपारी साडेचारच्या आधीच अंधारते. मे महिन्यात, २५ मेच्या आधीच्या सोमवारी राणीच्या स्मरणार्थ व्हिक्टोरिया दिन ही सार्वजनिक सुट्टी असते आणि शहरात मोठी मिरवणूक निघते. ती पाहायची असल्यास निवास आणि बोट दोन्हींचे आरक्षण काही आठवडे आधी करून ठेवावे. भर उन्हाळ्यातही समुद्रावरून येणारा वारा गार असतो, म्हणून प्रत्येकासाठी स्वेटर किंवा पातळ जाकीट घ्यावे आणि ज्येष्ठांसाठी कानटोपी ठेवण्यास संकोच करू नये.

कसे जावे

व्हँकुव्हरच्या बाजूने जाणाऱ्या कुटुंबांसाठी बीसी फेरीज या सेवेची त्सवासन ते स्वार्ट्झ बे ही फेरीबोट, म्हणजे माणसांसह मोटारीही वाहून नेणारे मोठे जहाज, हा मुख्य मार्ग आहे. समुद्रप्रवास सुमारे १ तास ३५ मिनिटांचा असतो, आणि स्वार्ट्झ बेपासून शहर आणखी ३२ किलोमीटरवर आहे. मोटार नेणाऱ्यांनी आरक्षण अवश्य करावे, कारण सुट्टीच्या दिवशी आरक्षणाविना आलेल्या गाड्यांना एक-दोन बोटी सोडून द्याव्या लागतात, आणि लहान मुलांसह धक्क्यावर ताटकळण्यात सहलीचा अर्धा दिवस जातो. आरक्षण असले तरी सुटण्याच्या वेळेआधी तासभर धक्क्यावर पोहोचण्याचा बेत ठेवावा. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

ज्यांना चालण्यास त्रास होतो अशा ज्येष्ठांसोबत प्रवास असेल तर तिकीट खिडकीवरच तसे सांगावे, म्हणजे गाडी उद्वाहकाजवळ उभी करून घेतली जाते. गाडी खालच्या बंदिस्त मजल्यावर लागली तर प्रवासात तिच्यात थांबता येत नाही. त्यामुळे औषधे, शाल, बाळाचे दूध आणि खाऊ एका वेगळ्या पिशवीत भरून ती वर सोबत न्यावी. प्रवासाच्या मध्यावर जहाज अ‍ॅक्टिव्ह पास या बेटांमधल्या अरुंद खाडीतून वळणे घेत जाते, आणि या वेळी सर्वांनी बाहेरच्या सज्जात यावे, कारण दोन्ही बाजूंची सदाहरित झाडी, दीपगृह आणि कधीकधी सील किंवा ओर्का दिसतात. ओर्का हा किलर व्हेल या नावाने ओळखला जात असला तरी तो वास्तविक डॉल्फिनच्या कुळातला प्राणी आहे. मोटारीविना जाणाऱ्यांना व्हँकुव्हरशेजारच्या रिचमंडमधील ब्रिजपोर्ट स्थानकावरून ६२० क्रमांकाची बस त्सवासनला नेते आणि स्वार्ट्झ बेहून ७० क्रमांकाची बस शहरात आणते.

सिअ‍ॅटलकडील कुटुंबांपुढे दोन मार्ग आहेत. क्लिपर ही केवळ प्रवाशांची वेगवान बोट सिअ‍ॅटलच्या बंदरातून निघून पावणेतीन तासांच्या सुमारास थेट व्हिक्टोरियाच्या मध्यभागी आणते. तर पोर्ट अँजेलिसपर्यंत मोटारीने जाऊन तेथून कोहो ही फेरीबोट दीड तासात मोटारीसह त्याच बंदरात पोहोचवते. मुलांना बोट लागत असेल तर कोहोचा समुद्रप्रवास कमी वेळेचा आहे, आणि शहरातच राहायचे असेल तर क्लिपरमुळे गाडी लावण्याच्या खर्चातून सुटका होते.

सीमा ओलांडताना

अमेरिकेतून जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी बोटीच्या तिकिटाआधी कागदपत्रांचा विचार करावा. भारतीय पारपत्रावर अमेरिकेत नोकरीच्या व्हिसाने राहणाऱ्यांना आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या त्यांच्या आई-वडिलांना कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि तो मिळण्यास वेळ लागू शकतो, म्हणून उन्हाळ्यातल्या सहलीची तयारी हिवाळ्यातच सुरू करणे श्रेयस्कर होय. अमेरिकेचे स्थायी निवासपत्र असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण वैध पारपत्र आणि निवासपत्र ही दोन्ही सोबत असावी लागतात. परत येताना अमेरिकेचा व्हिसा वैध आहे ना, याचीही खातरजमा निघण्यापूर्वी करावी. मुले एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत जात असतील तर इतर पालकांचे सहीचे संमतिपत्र जवळ ठेवावे. घरून नेलेल्या दशम्या, चिवडा, लाडू असे पदार्थ अधिकाऱ्याने विचारल्यास स्पष्ट सांगावेत, आणि ताजी फळे सीमेपलीकडे नेण्याचा मोह टाळावा.

मुक्काम कोठे करावा

शहराचा गाभा चालत फिरण्याजोगा असल्यामुळे निवास इनर हार्बर या आतल्या बंदराजवळ किंवा त्याला लागून असलेल्या जेम्स बे या निवासी भागात घ्यावा. येथून विधिमंडळ भवन, संग्रहालय, उद्यान आणि जुनी बाजारपेठ ही सर्व ठिकाणे पायी गाठता येतात. शहराबाहेर स्वस्त खोली घेऊन रोज गाडी आत आणण्यात वाचलेले पैसे बहुधा गाडी लावण्यात आणि वेळ वाहतुकीत जातो. दोन पिढ्या एकत्र जात असतील तर छोटे स्वयंपाकघर असलेली खोली निवडावी. सकाळचा चहा आले घालून उकळता आला आणि रात्री मऊ भात-वरण करता आले, तर ज्येष्ठांची आणि लहानग्यांची निम्मी कुरकुर आपोआप मिटते.

पहिला दिवस : बंदर आणि विधिमंडळ भवन

विधिमंडळ भवन पाहण्यास वर्षभर कामकाजाच्या दिवशी विनामूल्य प्रवेश असतो, परंतु उन्हाळा वगळता शनिवार-रविवारी ते बंद असण्याचा संभव असल्यामुळे शुक्रवारी दुपारपर्यंत शहरात पोहोचून तेथूनच आरंभ करणे योग्य ठरते. फ्रान्सिस रॅटनबरी या इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या पंचविशीतल्या वास्तुरचनाकाराने स्पर्धा जिंकून या भवनाचा आराखडा केला आणि १८९८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. एम्प्रेस हॉटेलही त्याचेच काम असून, ते बंदराच्या चिखलवट खाजणात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभे आहे. मुंबईची घडण भरावातूनच झाली असल्याने हा तपशील मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. भवनाच्या घुमटावर कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचा सोनेरी मुलामा दिलेला पुतळा आणि समोरच्या हिरवळीवर राणीचा पुतळा आहे. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त १८९७ मध्ये, उद्घाटनाच्याही आधी, या इमारतीची बाह्यरेषा दिव्यांनी उजळली होती, आणि आजही रोज रात्री तीन हजारांहून अधिक दिवे ती रेषा रेखतात. मुलांना जेवणानंतर झोपी न घालता हे दिवे पाहण्यासाठी बंदरावर आणावे.

त्याआधी दुपारी बंदराच्या काठाने एक शोधखेळ योजता येतो. सुताची टकळी ज्या चकतीने फिरते त्या चकतीच्या आकाराची, लेक्वंगन परंपरेतील कोरीवकाम दाखवणारी सात स्मृतिचिन्हे बंदर आणि आसपासच्या परिसरात बसवलेली आहेत, आणि ज्या जागी ती आहेत त्या जागेचे मूळ लोकांच्या जीवनातील महत्त्व तेथे सांगितलेले आहे. मुलांनी त्यांतली जमतील तेवढी शोधावीत आणि प्रत्येकाची माहिती आजी-आजोबांना मराठीतून सांगावी. पाय दुखू लागल्यास बंदरात फिरणाऱ्या लहान प्रवासी बोटींतून फिशरमन्स वार्फ या धक्क्यावर जावे, जेथे पाण्यावर तरंगणारी रंगीबेरंगी घरे ओळीने बांधून ठेवलेली असून त्यांत माणसे राहतात.

दुसरा दिवस : संग्रहालय, उद्यान आणि चिनी गल्ली

सकाळ प्रांताच्या संग्रहालयासाठी राखावी. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बीसी म्युझियममधील केसाळ मॅमथची, म्हणजे हिमयुगातील हत्तीच्या नातेवाइकाची, पूर्णाकृती मुलांना खिळवून ठेवते. संग्रहालयाच्या शेजारी थंडरबर्ड पार्क या छोट्या प्रांगणात टोटेम स्तंभ आहेत. टोटेम स्तंभ म्हणजे देवदारासारख्या सीडर वृक्षाच्या अखंड खोडावर कोरलेली, कुळाची वंशकथा, मान आणि हक्क सांगणारी शिल्पे होत. त्या पूजेच्या मूर्ती नव्हेत, हे मुलांना समजावून सांगावे. तेथले मोठे लाकडी घर मंगो मार्टिन या क्वाक्वाकावाक्व समाजातील श्रेष्ठ कारागिराने १९५३ मध्ये उभारले. पॉटलॅच, म्हणजे यजमानाने पाहुण्यांना दाने देऊन कुळाचे हक्क जाहीर करण्याचा सोहळा, कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून निषिद्ध होता. ती बंदी १९५१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर दोनच वर्षांनी या घराच्या वास्तुप्रवेशाच्या निमित्ताने तो येथे उघडपणे साजरा झाला.

तेथून दहा-पंधरा मिनिटे चालत बीकन हिल पार्क या विस्तीर्ण उद्यानात जाता येते. लेक्वंगन स्त्रिया कॅमस या निळ्या फुलाच्या झाडाचे कंद येथील माळावर जोपासत आणि जमिनीतील भट्टीत भाजत असत. वसंतात माळभर पसरणारी ती निळाई म्हणजे शतकानुशतकांच्या निगुतीचे फळ आहे, आणि म्हणूनच फुलांतून चालणे टाळून पायवाटेनेच जावे. लहान मुलांसाठी येथे पाळीव प्राण्यांचे छोटे आवार असून, सकाळी गोठ्यातून बाहेर आणि संध्याकाळी परत अशी शेळ्यांची धाव पाहण्यासाठी मुलांचे कडे जमते. हे आवार थंडीत बंद असते. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी याच उद्यानात क्रिकेटचे सामने रंगतात, आणि आजोबांना हिरवळीवर बसवून मुलांना खेळ समजावून देण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. उद्यानाच्या दक्षिण कडेला समुद्राजवळ ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा शून्य मैलाचा दगड आणि कर्करोगाशी झुंजत कृत्रिम पायाने देश धावून ओलांडायला निघालेल्या टेरी फॉक्सचा पुतळा आहे.

संध्याकाळ गव्हर्न्मेंट स्ट्रीट आणि चिनी वस्तीसाठी ठेवावी. या रस्त्यावरील मन्रोज बुक्स हे पुस्तकांचे दुकान १९६३ मध्ये जिम मन्रो आणि त्यांच्या तत्कालीन पत्नी, पुढे २०१३ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या कथाकार अ‍ॅलिस मन्रो, यांनी सुरू केले आणि आज ते एका जुन्या बँकेच्या भव्य इमारतीत आहे. तेथून उत्तरेला कॅनडातील सर्वांत जुनी चिनी वस्ती लागते. १८५८ च्या सुवर्णशोधासोबत आलेल्या चिनी मजुरांनी आणि व्यापाऱ्यांनी ती वसवली, आणि पुढे १८८५ पासून त्यांच्यावर डोईकर लादण्यात आला. फॅन टॅन अ‍ॅली ही तेथली गल्ली काही ठिकाणी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद असून, तिचे नाव एका चिनी जुगारावरून पडले आहे. मुलांना तिच्यातून एकामागोमाग चालण्याची मौज वाटते, आणि मोठ्यांना इंग्रजी दर्शनी भागाच्या इतक्या जवळ केवढे निराळे जग नांदत होते याची जाणीव होते.

क्रेगडॅरोक कॅसल हा रॉबर्ट डन्सम्युअर या कोळसा खाणींच्या मालकाने १८८७ ते १८९० दरम्यान बांधवलेला, ३९ खोल्यांचा किल्ल्यासारखा वाडा अनेकांच्या यादीत असतो. तो पूर्ण होण्यापूर्वीच, १८८९ मध्ये, मालकाचे निधन झाले. वाडा सुंदर आहे, परंतु वर जाण्यासाठी ८७ पायऱ्या चढाव्या लागतात आणि उद्वाहक नाही, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांसोबत जाणाऱ्या कुटुंबाने तो निःसंकोच वगळावा.

दुपारचा चहा : रीत आणि आहार

आफ्टरनून टी म्हणजे दुपारचे जेवण आणि उशिराचे रात्रीचे जेवण यांमधील वेळ भागवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उच्चभ्रू घरांत रूढ झालेला बसून घेण्याचा फराळ होय. तीन मजली तबकात खाली लहान सँडविच, मध्ये स्कोन नावाचे खुसखुशीत पाव आणि वर गोड पदार्थ असतात, आणि खालून वर असे खाण्याची प्रथा आहे. स्कोनबरोबर येणारे क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवून जमवलेली दाट साय असे म्हटले म्हणजे आजीला ते लगेच उमगते. चहा उकळलेला नसून गरम पाण्यात मुरवलेला असतो आणि दूध वरून घालतात. मसालेदार चहाची सवय असलेल्यांनी आसाम मागवावा, कारण तो दुधाबरोबर अधिक कडक लागतो.

एम्प्रेस हॉटेलातील चहा प्रसिद्ध असला तरी महाग आहे, आणि लहान मुले त्यातले थोडेच खातात. पूर्ण कुटुंबाऐवजी आजी-आजोबांना तेथे पाठवावे किंवा पेंड्रे टी हाऊससारख्या लहान चहागृहात सर्वांनी जावे. बुचार्ट गार्डन्समध्येही असा चहा मिळतो. कोठेही गेले तरी जागा आधी राखून ठेवावी आणि शाकाहाराविषयी आरक्षण करतानाच सांगावे. येथे शाकाहार म्हटल्यावर अंडे चालते असे धरले जाते आणि मऊ गोड पदार्थांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला गोठवणारा पदार्थ, असू शकतो. त्यामुळे मांस, मासे, अंडे आणि जिलेटिन यांतले काय चालत नाही ते नावानिशी सांगणेच सुरक्षित असते. चहाच्या दिवशी दुपारचे जेवण हलके ठेवावे.

तिसरा दिवस : बुचार्ट गार्डन्स आणि परतीची वाट

शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरील बुचार्ट गार्डन्स हे उद्यान शहर आणि स्वार्ट्झ बे यांच्या दरम्यान, मुख्य रस्त्यापासून थोड्या आडवाटेला असल्यामुळे ते परतीच्या दिवशी सामान गाडीत ठेवून सकाळी पाहावे; मोटार नसल्यास ७५ क्रमांकाची बस तेथे जाते. रॉबर्ट बुचार्ट यांच्या सिमेंट कारखान्यासाठी चुनखडीचा दगड काढून झाल्यावर उरलेल्या ओसाड खाणीत त्यांच्या पत्नी जेनी बुचार्ट यांनी आसपासच्या शेतांतून घोडागाड्यांनी माती आणून बाग फुलवली, आणि खाणीच्या उभ्या भिंतींच्या कपारींत वेली लावण्यासाठी त्या स्वतः दोराने टांगलेल्या पाळण्यात बसून उतरल्या असे सांगतात. हा सखल भाग, म्हणजे सन्कन गार्डन, १९२१ मध्ये पूर्ण झाला. गुलाबबाग, जपानी बाग आणि इटालियन बाग हे त्याचे इतर भाग होत. सुमारे ५५ एकरांच्या या उद्यानाला २००४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

वसंतात ट्युलिप, जून-जुलैत गुलाब आणि सप्टेंबरात डेलिया असा येथला क्रम आहे. जुलै-ऑगस्टमधील शनिवारी रात्री आतषबाजी होते. ती पाहायची असल्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचा क्रम बदलावा. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी उद्यानात मिळते, आणि खाणीत उतरण्यासाठी पायऱ्यांखेरीज उताराची वाटही आहे. उद्यानाशेजारील टॉड इनलेट या खाडीच्या काठी सिमेंट कारखान्याची वसाहत होती, आणि तेथे राबणाऱ्यांत चिनी मजुरांबरोबर विसाव्या शतकाच्या प्रारंभी पंजाबातून आलेले शीखही होते. ज्या सिमेंटच्या पैशावर ही बाग उभी राहिली त्यात भारतातून गेलेल्या माणसांचा घाम आहे, ही गोष्ट परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनी गुलाबांइतकीच लक्षपूर्वक जाणून घ्यावी. वेळ असल्यास प्रांतिक उद्यानातील पायवाटेने त्या खाडीपर्यंत जाऊन यावे. चाल सोपी आहे.

रविवारी संध्याकाळच्या बोटींना सर्वाधिक गर्दी असते, म्हणून दुपारी दोन-तीनच्या सुमाराची बोट राखून ठेवावी, आणि ती हुकू नये यासाठी उद्यानातून दीड ते दोन तास आधी निघावे. परतीच्या बोटीवर मुलांना चित्रवहीचे एक पान द्यावे, आणि पाहिलेल्यांतले काय कोणी लावले, कोणी बांधले, कोणाच्या जमिनीवर उभे राहिले, हे त्यांना आठवेल तसे काढायला सांगावे. त्या पानावर राणीच्या पुतळ्याबरोबर कॅमसचे निळे फूल, चिनी गल्लीतली अरुंद वाट आणि खाणीच्या भिंतीवरचा पाळणा हेही उमटले असेल, तर कुटुंबाने हे शहर खऱ्या अर्थाने पाहिले असे समजावे.